गुडघ्याची गोळी घेण्याआधी

चि. पुतणीस,


तुझं पत्र मिळालं आणि वहिनींच्या औषधांचे फोटोही मिळाले. तू विचारलं आहेस, "काका, आईचे गुडघे फार दुखतात. गोळी घेतली की दिवस बरा जातो. मग रोज एक घेतली तर बिघडलं कुठे?" प्रश्न सरळ आहे, तसं उत्तरही सरळ देतो. रोज, परस्पर, तपासण्या न करता गोळी घेतली तर बिघडू शकतं, आणि पुष्कळ बिघडू शकतं. डॉक्टरांना सगळं सांगून, कमीत कमी मात्रेत, गरजेपुरते दिवस घेतली तर तीच गोळी पुष्कळांना उपयोगी पडते. पहिल्या वाटेवरून दुसऱ्या वाटेवर कसं यायचं, त्यासाठी हे लांबलचक पत्र लिहितो आहे. सवडीने वाच, आणि वाचून झालं की आईलाही वाचून दाखव.

तुला ठाऊकच आहे, माझं आयुष्य औषधाच्या दुकानात काउंटरमागे गेलं. मी डॉक्टर नाही. निदान करणं आणि औषध ठरवणं हे त्यांचं काम. गोळीत काय आहे, ती कशी घ्यायची आणि कोणत्या गोळीशी तिचं जमत नाही, हे सांगणं माझं काम होतं. गुडघेदुखीचं गिऱ्हाईक दुकानात रोज यायचं. बहुतेकांच्या हातात चिठ्ठी नसे, रिकामी स्ट्रिप असे. "हीच द्या, हिने बरं वाटतं," एवढंच बोलणं. त्या स्ट्रिपवरची लाल रेघ आणि चिठ्ठीशिवाय विकू नये हा मजकूर ना देणारा बघतो, ना घेणारा. दुखणं खरं असतं, माणूस कामाला खोळंबलेला असतो, आणि गोळी पाच-दहा रुपयांत मिळते. म्हणूनच या औषधांबद्दलचा धाक आपल्याकडे नाहीसा झाला आहे.

आधी दुखणं काय आहे ते नीट समजून घे. लोक म्हणतात वाटी झिजली, ग्रीस संपलं. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. तो झिजतो हे खरं, पण डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थरायटिस म्हणतात, ते हे दुखणं केवळ त्या थराचा आजार नाही. खालचं हाड बदलतं, कडेला हाडाची टोकं वाढतात, सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, मांडीचे स्नायू अशक्त होतात. गंमत वाटेल, पण कूर्चेला मज्जातंतूच नसतात. दुखतं ते हाड, अस्तर आणि आजूबाजूच्या ऊती यांमुळे. म्हणूनच एखाद्याचा एक्स-रे पाहून घाबरायला होतं आणि तो माणूस मात्र देवळाच्या पायऱ्या आरामात चढतो, तर दुसऱ्याच्या एक्स-रेत फारसं काही नसून तो रात्रभर कण्हत असतो.

यातून निघणारी गोष्ट मनात पक्की धर. झिजलेली कूर्चा परत आणणारी गोळी आजवर निघालेली नाही. पोटात घ्यायची सगळी औषधं दुखणं कमी करण्यासाठी आहेत. त्यामुळे गोळीचा हिशेब एकाच प्रश्नावर करायचा: ती घेतल्याने वहिनी जास्त चालू लागल्या का, व्यायाम करू लागल्या का, शांत झोपू लागल्या का? उत्तर हो असेल तर गोळीला अर्थ आहे. गोळी घेऊन त्या दिवसभर खुर्चीतच बसणार असतील, तर फायदा थोडा आणि धोका पुरा.

आणि दुखणं हेच आहे ना, याचीही खात्री करून घ्या. या आजारात सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासाहून जास्त वेळ सांधे आखडत असतील, दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी लागते आणि त्याची औषधं निराळी असतात. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शेजारणीच्या 'संधिवाताच्या' गोळ्या तर कधीही घ्यायच्या नाहीत. आमवातात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात, ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती कुणी रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

आता पेनकिलर शरीरात काय करते ते सांगतो. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, इटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. सांध्यात ती सूज आणि वेदना वाढवतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं ही द्रव्यं तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवलं, आणि १९८२च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अडचण अशी, की याच घराण्यातली द्रव्यं जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात. गोळीला फक्त गुडघा कळत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि सगळीकडे तेच काम करते. फायदा आणि अपाय एकाच कारणातून येतात, त्यामुळे फक्त फायदा घेता येत नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीत एक घटना तुला माहीत असावी. नव्वदच्या दशकापासून भारतातली गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. कारण बरीच वर्षं सापडेना. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेलं संशोधन २००४ साली 'नेचर'मध्ये छापून आलं, तेव्हा उलगडा झाला. दुखणाईत गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरायचं, आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, आणि २०२३ साली असिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवरही. माणसाचं शरीर गिधाडासारखं नाही, एवढ्याशा मात्रेने आपल्याला तसं काही होत नाही. पण जे औषध आपण बडीशेपेसारखं देतो-घेतो, ते मूत्रपिंडाला किती जड जाऊ शकतं, याची जाणीव यावरून व्हावी.

आता फोटोंकडे येतो. तू प्रत्येक स्ट्रिपची मागची बाजूही दिसेल असा फोटो काढलास, हे फार शहाणपणाचं केलंस. ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही. मागे बारीक अक्षरांत घटक आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात, तेच वाचायचं. मी भिंग घेऊन एकेक वाचलं.

पहिली स्ट्रिप ब्लडप्रेशरची. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. यातला दुसरा घटक लघवी वाढवणारा आहे. गोळी चांगली आहे, ती बंद करायची नाही. पण तिच्यासोबत रोज पेनकिलर घेतली तर काय होतं बघ. मूत्रपिंड म्हणजे पाटाच्या पाण्यावरचं शेत समज. पेनकिलर पाणी आत घेणारं दार अरुंद करते, टेल्मिसार्टन बाहेरचं दार सैल करतं, आणि लघवीची गोळी मुळात पाटातलंच पाणी कमी करते. तिन्ही एकदम झालं की शेताला पाणी पुरत नाही, मूत्रपिंडाचं काम मंदावतं. वयस्क माणसात हे काही दिवसांतही घडू शकतं, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. शिवाय पेनकिलरमुळे अंगात मीठ-पाणी साचतं आणि ब्लडप्रेशर वाढतं. मग डॉक्टर बीपीची गोळी वाढवतात, आणि खरं कारण गुडघ्याच्या गोळीत दडलेलं राहतं.

दुसरी स्ट्रिप असिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ची. हीच ती 'बरं वाटणारी' गोळी. तिसरी स्ट्रिप इटोरिकॉक्सिब ९०ची, तू लिहितेस की ती मागे दुसऱ्या एका दवाखान्यातून मिळाली होती, आणि फार दुखलं की वहिनी तीही घेतात. पोरी, या दोन गोळ्या एकाच घराण्यातल्या आहेत. दोन्ही मिळून वेदना दुप्पट कमी होत नाही, धोका मात्र वाढतो. एका वेळी या घराण्यातली एकच गोळी, हा नियम कधीही मोडायचा नाही. दुसरी गोष्ट मात्रेची. ऑस्टिओआर्थरायटिससाठी इटोरिकॉक्सिबची मात्रा दिवसाला ३० मिलिग्रॅम, आणि फार तर ६०. ९०ची गोळी आमवातासारख्या आजारांसाठी, १२०ची अचानक उठलेल्या गाउटसाठी आणि तीही जास्तीत जास्त आठ दिवस. ब्लडप्रेशर आटोक्यात नसेल तर हे औषध देतच नाहीत. तेव्हा वहिनींच्या डब्यातून ९०ची स्ट्रिप बाजूला काढ आणि डॉक्टरांना दाखव.

चौथी स्ट्रिप अ‍ॅस्पिरिन ७५ची, जिला घरात 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. ती आणि पेनकिलर एकत्र आली की जठरातून रक्तस्राव होण्याची भीती बरीच वाढते. आयबुप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनचं हृदयाला राखण्याचं कामच अडवू शकतं. म्हणून घाबरून अ‍ॅस्पिरिन बंद करू नकोस. ती का सुरू केली होती, आजही लागते का, हे वहिनींच्या डॉक्टरांनाच ठरवू दे.

पाचवी गोळी पॅन्टोप्राझोल ४०. वहिनी ती जेवणानंतर 'गॅस झाला तर' घेतात. पेनकिलर चालू असेल तर ती पोटाला राखण्यासाठी असते आणि सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी घ्यायची असते. आणखी एक समजूत सोडून द्या. जेवून घेतली की पेनकिलर पोटाला बाधत नाही, असं पुष्कळांना वाटतं. जेवून घेतल्याने जळजळ कमी होते, पण अल्सरचा धोका टळत नाही, कारण औषध रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोहोचतंच. इंजेक्शन घेतलं तरी तो धोका राहतो. आणि अल्सरमध्ये पोट दुखेलच असं नाही, वयस्क माणसांत कित्येकदा पहिली खूण थेट काळ्या शौचाची असते.

सहावी, मधुमेहाची मेटफॉर्मिन. ती मूत्रपिंडातून बाहेर पडते. पेनकिलरने मूत्रपिंड मंदावलं तर तीही अंगात साचते. इतक्या लांबून एक गोळी दुसऱ्या गोळीला भोवते, ती अशी.

सातवी सर्दीची गोळी. तिच्यातही पॅरासिटामॉल आहे. असिक्लोफिनॅकच्या गोळीत ते आहेच, आणि तापासाठी ठेवलेल्या ६५०च्या गोळीत तर आहेच. पॅरासिटामॉल मूत्रपिंड आणि जठराच्या दृष्टीने सौम्य, पण जास्त झालं तर यकृताला घातक. धडधाकट माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. वय झालेल्या, वजन कमी असलेल्या, यकृताचं दुखणं असलेल्या किंवा दारू घेणाऱ्या माणसाला ती आणखी खाली आणावी लागते. सगळ्या स्ट्रिपांतलं पॅरासिटामॉल मिळून बेरीज करायची, एकट्या गोळीकडे बघून चालत नाही.

आठवा फोटो ग्लुकोसामाइनच्या पाकिटांचा. याने वंगण येतं असं सांगून ती खपवली जातात. अमेरिकेत १५८३ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन गुडघेदुखीसाठी एकंदरीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. इंग्लंडच्या आरोग्यसेवेची मार्गदर्शक सूचनाही ती देऊ नका असंच म्हणते. वहिनी वॉरफॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेत नाहीत म्हणून मोठा धोका नाही, पण ते पैसे त्यांच्या दुधा-फळांवर खर्च कर. याच रांगेत डायसेरीन नावाचं औषधही आपल्याकडे मिळतं. त्याने जुलाब होतात. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली ६५ वर्षांवरच्या माणसांना ते देऊ नये असं सुचवलं, म्हणून कुणी चिठ्ठीवर लिहिलं तर वहिनींचं वय सांगून पुन्हा विचार.

शेवटच्या फोटोने मात्र मला काळजी लागली. कागदाच्या पुड्या, वर नाव नाही, घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही. "आयुर्वेदिक आहे, दोन दिवसांत फरक पडतो," असं सांगून ओळखीच्या बाईंनी दिल्या, असं तू लिहितेस. आयुर्वेदावर माझा राग नाही. वैद्यांनी तपासून, परवाना असलेल्या औषधालयातून दिलेलं औषध वेगळं. निनावी पुडी वेगळी. अशा पुड्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅकच मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत पुष्कळदा आढळलं आहे. झटकन आराम पडणं, भूक वाढणं, चेहरा गोल होणं, साखर आणि ब्लडप्रेशर चढणं या स्टेरॉइडच्या खुणा. ऑस्टिओआर्थरायटिससाठी पोटातून स्टेरॉइड घेण्याचं काही कारणच नाही. हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो. पण इथे एक सांभाळ. वहिनी ती पुडी कित्येक आठवडे रोज घेत असतील तर एकदम बंद करायची नाही, कारण शरीराने आपलं स्वतःचं स्टेरॉइड करणं थांबवलेलं असू शकतं. पुडी घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा, ते सांगतील तशी बंद करा.

तू विचारशील, मग आईने करायचं तरी काय? दुखणं सोसायचं का? अजिबात नाही. दुखणं सोसत बसलेलं माणूस हालचाल सोडतं, स्नायू आणखी गळतात, वजन वाढतं आणि गुडघा जास्त दुखतो. उपचार करायचाच, फक्त पायरीपायरीने.

पहिली पायरी गोळीची नाहीच. खुर्चीत ताठ बसून एक पाय गुडघ्यात सरळ करायचा, मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाच आकडे मोजायचे, सावकाश खाली आणायचा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीचे काही दिवस थोडं दुखेल, त्याने सांधा झिजत नाही, हे वहिनींना समजावून सांग. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतलं तर उत्तम. वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. इतकं काम एकही गोळी करत नाही. जमिनीवर मांडी घालून पूजा करण्याऐवजी पाटाच्या उंचीचं आसन किंवा खुर्ची, कमोड, जिन्याला कठडा, दुखत्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, हे सगळं औषधच आहे.

दुसरी पायरी डायक्लोफिनॅकच्या मलमाची. गुडघा त्वचेच्या जवळ असल्याने मलम तिथे चांगलं पोहोचतं, आणि रक्तात गोळीच्या मानाने फारच थोडं उतरतं. इंग्लंडच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनेत गुडघ्यासाठी पहिलं औषध हेच सांगितलं आहे. दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या मात्रेत, नेमाने लावायचं. एकदा लावून "काही फरक नाही" म्हणायचं नाही, आठवडाभर तरी बघायचं. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्र हेही डॉक्टरांना विचारूनच.

तिसरी पायरी पोटातल्या गोळीची. पॅरासिटामॉलचा या दुखण्यात उपयोग थोडाच, हे आता पुरेसं स्पष्ट झालं आहे. तरी कुणाला त्याने बरं वाटत असेल आणि मर्यादा सांभाळली तर अधूनमधून चालतं. पेनकिलरच लागली तर दुखणं उसळेल तेवढे दिवस, सोबत पोट राखणारी गोळी, आणि आधी ब्लडप्रेशर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन तपासून. जास्त दिवस चालू राहिली तर या तपासण्या पुन्हा करायच्या. हृदयविकार, हार्ट फेल्युअर, पक्षाघात, जुना अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर या घराण्यातली गोळी बहुधा टाळावीच लागते.

हृदयाच्या धोक्याचं प्रमाणही सांगतो, म्हणजे भीती किती बाळगायची ते कळेल. रोफेकॉक्सिब नावाची गोळी, जगभर 'व्हायॉक्स' या नावाने खपणारी, याच दुखण्यासाठी होती. पोटाला सौम्य म्हणून तिचं फार कौतुक झालं. हृदयविकार आणि पक्षाघात वाढतात हे चाचणीत दिसल्यावर मर्क कंपनीने ३० सप्टेंबर २००४ रोजी ती जगभरातून मागे घेतली. पुढे २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये शेकडो चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला. मोठ्या मात्रेत डायक्लोफिनॅक किंवा इटोरिकॉक्सिबसारखी कॉक्सिब गटातली गोळी वर्षभर घेणाऱ्या हजार माणसांमागे हृदय-रक्तवाहिन्यांचे तीन गंभीर प्रसंग जास्त घडतात, आणि त्यातला एक जीवघेणा असतो, असं त्यात निघालं. नॅप्रॉक्सेन हृदयाला त्यातल्या त्यात बरं, पण जठराला जास्त जाचक. म्हणजे सगळ्यांना सुरक्षित अशी गोळी नाही. एकेका माणसाला त्यातल्या त्यात सोसेल अशी गोळी असते, आणि ती ठरवायला माणूस पूर्ण माहीत असावा लागतो.

ट्रॅमाडॉलची गोळी कुणी सुचवली तर सांभाळून. चक्कर येते, मलावरोध होतो, वयस्क माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. सवयही लागते. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, ते उगाच नाही.

आता काही प्रसंग, ज्यात पेनकिलर लगेच थांबवायची. जुलाब-उलट्या होत असतील, अंगातलं पाणी कमी झालं असेल, तेव्हा. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल, तेव्हा. वहिनी यंदा वारीला निघणार आहेत असं ऐकलं. चालण्याचा उत्साह मोलाचा आहे, पण उन्हात घाम गाळत, पाणी कमी पीत, बीपीची गोळी चालू असताना मुक्कामागणिक पेनकिलर घेणं मूत्रपिंडाला फार धोक्याचं. जाण्याआधी डॉक्टरांना भेटून कुठली गोळी न्यायची, किती न्यायची हे ठरवा. सोबतच्या वारकऱ्यांच्या पिशवीतली घ्यायची नाही.

आणि डांबरासारखं काळं शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, छातीत दुखणं, धाप लागणं, पायावर अचानक सूज, लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं, अंगावर पुरळ उठून तोंड सुजणं, यातलं काहीही दिसलं तर गोळी बंद करून तडक दवाखाना. उद्या बघू म्हणायचं नाही. औषधाचा असा त्रास झाला तर तो कळवण्यासाठी सरकारचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. सामान्य माणूसही तिथे सांगू शकतो, आणि सांगितलं पाहिजे, कारण पुढच्या माणसाचं रक्षण त्यातूनच होतं.

वहिनींचे डॉक्टर तीन आहेत. बीपी-साखरेचे एक, हाडांचे एक, आणि कॉलनीतले एक. तिघांचंही औषध आपापल्या जागी बरोबर असू शकतं. तिन्ही चिठ्ठ्या एका ठिकाणी कुणीच पाहिलेल्या नाहीत, खरी अडचण ही आहे. ते काम तुझं. मी हे तुझ्यावर सोपवतो आहे, कारण वहिनी स्वतः बारीक अक्षरं वाचू शकत नाहीत आणि डॉक्टरांसमोर "सगळं बरं आहे" म्हणून उठतात. आपल्या घरातल्या बायका दुखणं दडवतात आणि गोळीही दडवून घेतात. रागावून विचारलंस तर त्या पुडी पदराआड ठेवतील. शेजारी बसून विचार.

तेव्हा येत्या रविवारी गावी जा. डबा, फडताळ, पर्स, देवघराचा कोनाडा, सगळीकडच्या गोळ्या, मलमं, पुड्या एका टेबलावर मांड. वहीच्या एका पानावर प्रत्येकाचा घटक, मिलिग्रॅम, किती वेळा घेतात, कुणी दिली आणि कशासाठी दिली, हे लिही. मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढ. खाली वजन, ब्लडप्रेशर आणि शेवटच्या रक्ततपासणीची तारीख टाक. ते पान घेऊन एकाच डॉक्टरांसमोर बस आणि तीन प्रश्न विचार: यातली कोणती गोळी बंद करता येईल? गुडघ्यासाठी कमीत कमी किती आणि किती दिवस? पुढची तपासणी कधी? पानाची एक प्रत वहिनींच्या पर्समध्ये राहू दे, आणि गुडघ्यासाठी कुणीही नवी गोळी दिली तर ते पान दाखवल्याशिवाय ती तोंडात टाकायची नाही, एवढं वचन त्यांच्याकडून घे.

वहिनींना माझा नमस्कार सांग. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की मला कळव.

तुझा,
काका